सगळं ठीक असताना

मंगळवारी सकाळी साडेदहाला राजेश्वरीच्या ऑफिसात कोल्हारहून फोन आला. पेरूच्या बागेला रोज किती पाणी द्यायचं, हे सांगणारा प्रोग्रॅम तिने लिहिला होता. शेतकरी मीटरवरचा मातीचा ओलावा आणि तापमान मोबाईलमध्ये भरत आणि प्रोग्रॅम 'ठीक' म्हणून पाण्याचं माप सांगे. आज त्याने उत्तर दिलं नव्हतं.

"एरर सत्तेचाळीस म्हनतोय," पलीकडचा आवाज म्हणाला. "मॅडम, चूक माझी हाय का तुमची, एवढं तरी सांगायचं ना त्यानं."

तो कल्याण, तिथला पेरूवाला शेतकरी. ओलावा भरताना त्याचा पॉइंट राहिला होता आणि चौदा पॉइंट शून्यचे एकशे चाळीस झाले होते. राजेश्वरीने दुपारीच संदेश बदलला: 'ओलावा शंभराच्या वर जात नाही. आकडा पुन्हा बघा.'

दुसऱ्या दिवशी कल्याणने तापमान उणे पाच भरलं. तिने त्यासाठीही ओळ लिहिली: 'कोल्हारला बर्फ पडल्याची खबर नाही.' त्यावर तो फोन करून पोटभर हसला. मग रोज एक चुकीचा आकडा, एक नवी ओळ आणि मागोमाग फोन. एकदा शिर्डीच्या स्टँडवर भेटलेही. तिथे तो फोनवरच्यापेक्षा फारच कमी बोलला. तिचा चहा संपेपर्यंत त्याने आपला कप मात्र खाली ठेवला नाही.

मग साहेबांनी राजेश्वरीला विचारलं, कोल्हारच्या या माणसाला आकडे वाचता येत नाहीत का? तिचे कान तापले. तिने त्या बागेच्या, चूक दाखवणाऱ्या सूचना बंद केल्या. कल्याणला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात तो बहिणीकडे पुणतांब्याला गेला. मीटर त्याची आई छबूबाई बघत होती. उंदराने वायर कुरतडल्यामुळे मीटर रोज तोच कोरडा आकडा दाखवी. प्रोग्रॅम पाणी द्या म्हणे, छबूबाई देई. 'आकडा हलत नाही, वायर तपासा' ही ओळ राजेश्वरीने कधीच लिहून ठेवली होती. ती पडद्यावर आली नाही. पाणी साचलं आणि बहराची फुलं गळाली.

कळताच राजेश्वरी कोल्हारला गेली. कल्याणही परतला होता. झाडांखाली पांढरा सडा पडला होता. सूचना मीच बंद केल्या, असं तिने सांगितलं. कल्याणने वाकून ओंजळभर फुलं उचलली. छबूबाईने तिला फक्त सावलीत यायला सांगितलं.

"पण खोटे आकडे का भरत होतात?" राजेश्वरीने शेवटी विचारलं.

"खरा आकडा भरला की तुमचा प्रोग्रॅम नुसतं 'ठीक' म्हनतो." तो मातीकडे बघत म्हणाला, "ठीक असल्यावर... फोन कशापायी करायचा?"

तिने तुटलेली वायर बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली.

"ठीक आलं तरी करायचा."



आज सकाळी कोल्हारचा आकडा आला. वायर नवी, सूचना चालू. पडद्यावर एकच शब्द: ठीक. शेजारी फोन वाजतो आहे, नंबर त्याचाच. पडद्यावरची आजवरची प्रत्येक ओळ राजेश्वरीने लिहिली होती. या फोनवर काय बोलायचं, ते लिहिलेलं नाही.