बधिर गळ्याचा तास

निशिगंधा आणि हर्षलची पहिली भेट झाली ती जिन्यात, आणि तीही धडकून. चिखलीतल्या एका पोटाच्या दवाखान्यात ती नर्स, तो पेशंट — आणि पेशंट चक्क पळून चालला होता, अनवाणी! दुर्बिणीच्या तपासणीआधी गळा बधिर करायचा फवारा घशात पडला, गिळलेलं कळेना, आणि गड्याला वाटलं, आपला गळा बंदच झाला. जड जिभेनं "सॉरी..." एवढं पुटपुटून तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. चपला वरच राहिल्या. निशिगंधा हसली खरी, पण ते भेदरलेले डोळे संध्याकाळपर्यंत काही तिच्या डोक्यातून जाईनात.

चपला न्यायला आला तेव्हा तो नीट बोलला. बाजार समितीत सोयाबीनच्या हर्रासात बोली पुकारायचं त्याचं काम. आवाज असा खणखणीत, की बाकावरच्या आजीबाईंनीही मान वळवून बघावं. मग तो येतच राहिला... कधी गोळ्यांचं विचारायला, कधी नुसताच. तिची ड्युटी सुटली की बसस्टँडपर्यंत सोबत चालायचा आणि तिला हसवायला रस्त्यातल्या म्हशीचीसुद्धा बोली पुकारायचा. तिला तो आवडला होता. आवडला म्हणजे अगदी — जाऊ द्या, आता लपवून काय करायचं, जीवच जडला होता. पण लग्नाचा विषय निघाला की हा गप्प. शेवटी एकदा त्यानं सांगून टाकलं. वडील अन्ननलिकेच्या कॅन्सरनं गेले होते. शेवटी पाण्याचा घोटही उतरत नव्हता. आणि आता त्याचाही घास अडकत होता.

"तपासणी झाल्याबिगर मी कोण्या पोरीचं नाव घेणार नाही," तो म्हणाला.

"मग करून घ्या ना तपासणी. काऊन टाळता?"

"तो फवारा घशात पडला का मले बाबा दिसते."

यावर थट्टा करण्यासारखं काही नव्हतं. तिनंच सोमवारची तारीख लावून दिली.

सोमवारी तो उपाशीपोटी आला, पांढराफटक पडलेला. निशिगंधानं त्याला खुर्चीत बसवलं, फवाऱ्याची बाटली उचलली — आणि एक फवारा स्वतःच्याच घशात मारला. डॉक्टरांनी पाहिलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं तिला. कडवट चव पसरली, घसा सुजल्यासारखा जड झाला, आवंढा गिळला की नाही तेच समजेना. ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. त्याचा हात उचलून तिनं आपल्या गळ्यावर ठेवला आणि गिळून दाखवलं. त्याच्या बोटांखाली गळा वर गेला, खाली आला.

"कळत नाही फक्त," ती अडखळत म्हणाली. "गिळणं चालूच राहते. पाह्यलं ना?"

मग त्यानं निमूट तोंड उघडलं. फवारा पडला तेव्हा त्याचे डोळे भरून आले, पण तो उठला नाही. टेबलावर डाव्या कुशीवर झोपला, आणि दुर्बीण आत सरकवताना डॉक्टर "गिळा" म्हणाले तेव्हा स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून त्यानं गिळलं.

आत एक जखम दिसली. अल्सरच असेल, डॉक्टर म्हणाले, पण तुकडा तपासायला पाठवला आणि आठ दिवस थांबायला सांगितलं.

आता गळ्याचा बधिरपणा उतरेपर्यंत तासभर पाणीही प्यायचं नव्हतं. दोघं दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर उन्हात बसले. अर्ध्या तासानं तो म्हणाला, "आठ दिवस तुम्ही मले भेटू नका. रिपोर्ट चांगला आला तं मीच येतो. नाही आला तं..."

त्याच्या आईनं बाबांचं सगळं तीन वर्षं केलं, त्यात तिचं हसूच गेलं. ते निशिगंधाच्या वाट्याला नको, एवढंच त्यानं कसंबसं सांगितलं.

निशिगंधाला राग आला. खरोखर राग आला, आणि त्या रागातच तिला रडू फुटलं.

"आजारपण काय असते ते मले तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, हर्षल," ती म्हणाली. "आठ दिवसांनी लग्नाले हो म्हटलं, तं ते त्या कागदाले म्हटल्यासारखं होईल. मी आज हो म्हणते. तुम्हाले."

तो खाली मान घालून रडला. मग त्यानं हळूच तिचा हात धरला. पाणी प्यायला अजून पंचवीस मिनिटं होती. तोवर दोघंही तिथून उठले नाहीत.