चेअरमनची राखाडी गाडी

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगते, की जिच्याबरोबर हे घडलं ती माझी सख्खी आतेबहीण आहे. जनावरांची डॉक्टर आहे. भूतबाधेच्या गोष्टी सांगणाऱ्याला ती तोंडावर "गप बस" म्हणते.

आणि हे अमावस्येच्या रात्री वगैरे घडलेलं नाही.

भर दुपारी घडलंय. ऊन डोक्यावर असताना.

बीड जिल्हा, शिरूर कासार तालुका, २०१९ चा जून. ज्यांनी तो उन्हाळा काढला त्यांना वेगळं सांगायला नको. विहिरी खडखडीत. गावंच्या गावं टँकरवर. माणसं जनावरांसकट चारा छावणीत राहायला आलेली.

नीलम्मा, म्हणजे आमची निलाक्का, तेव्हा दूध संघाच्या नोकरीत होती. रोज बीडहून निघायचं, शिरूरच्या पुढे माळावरच्या छावणीत जनावरं तपासायची आणि संध्याकाळी परत. जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर. तिची जुनी गाडी मे महिन्यात इंजिन जळून बसली. काही दिवस तिनं संघाच्या जीपवर काढले, पण जीप कधी मिळायची, कधी नाही.

गाड्यांचं तिला लहानपणापासून वेड. त्यामुळे घ्यायची तर डबडं नको. वापरलेली चालेल, पण पळणारी हवी.

बीडच्या सिदूच्या कार बाजारात तशा दोन गाड्या होत्या. दोन्ही स्पोर्ट सेडान, दोन्ही चार-चार वर्षं वापरलेल्या. एक लाल, एक राखाडी.

निलाक्कानं तिच्या मामाला बरोबर घेतलं. मामा म्हणजे माझे वडील, गुंडप्पा. त्यांचं बीडला टायरचं दुकान. त्यामुळे पुढचं बरंच मी दोघांच्याही तोंडून ऐकलंय.

आधी लाल चालवून बघितली. इंजिन जबरदस्त, पण शॉक इतके कडक की खड्ड्यात गेलं की मणका हलायचा. एसी पण जेमतेम.

मग राखाडी. वळणावर रस्त्याला चिकटून राहायची. एसी असा, की दोन मिनिटांत बाहेरचा उन्हाळा विसरावा.

"ही कुणाची?" निलाक्कानं विचारलं.

सिदू जरा घुटमळला. "मोहनरावांची. चेअरमन."

निलाक्काचं डोकंच सणकलं.

हे मोहनराव म्हणजे त्या भागातल्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन. छावणी त्यांच्याच संस्थेनं चालवायला घेतलेली. मे महिन्यात छावणीचा टँकर दोन दिवस आला नव्हता. तो गेला होता चेअरमनच्या मोसंबीच्या बागेत. सगळ्यांना माहीत होतं. बोलली फक्त निलाक्का. तहसीलला जाऊन भांडली, अर्ज दिले. कुणी हललं नाही.

त्या दोन दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी छावणीतली बायनाबाई मेली.

सत्तरीची बाई. एकटी. एक गाय, तेवढंच तिचं गणगोत. गाय तहानेनं हंबरायला लागली म्हणून भर उन्हात कळशी घेऊन निघाली, वस्तीवरच्या हापशाकडं. वाटेतल्या कडुलिंबापाशी पडलेली सापडली. कागदावर लिहिलं, उष्माघात. विषय संपला.

"त्या माणसाची गाडी मी घ्यायची?" निलाक्का म्हणाली. "थुंकते मी तिच्यावर."

"निले, गाडीनं काय घोडं मारलंय बे?" माझे वडील म्हणाले. "रोज शंभर किलोमीटर जाणार तू. लालमध्ये महिनाभरात कंबर धरशील. डोकं थंड ठेव जरा."

तिनं राखाडी घेतली. रागातच घेतली.

एक गोष्ट मात्र माझ्या वडिलांना तेव्हाच खटकली होती. चांगली पळणारी गाडी, आणि चेअरमननं छावणीतल्या त्या प्रकारानंतर महिना व्हायच्या आत घाईनं विकायला काढली...

पहिले दोन दिवस काही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती छावणीहून वस्तीकडं निघाली होती. लिंबाचं झाड मागं गेलं... आणि टुंग टुंग सुरू झालं.

शेजारच्या सीटवर कुणी बेल्ट न लावता बसलं की वाजतं, ते.

सीट रिकामी होती.

तिनं हात मारून बघितलं. पर्स नाही, फाइल नाही. काहीच नाही.

टुंग... टुंग... टुंग...

वस्ती आली तसं बंद झालं.

सेन्सर गेला असेल, ती म्हणाली. सिदूला फोनवर शिव्या घातल्या. सिदूनं माणूस पाठवला, त्यानं मशीन लावून तपासलं. सेन्सर नवाकोरा.

दुसऱ्या दिवशी तोच रस्ता. तेच झाड.

टुंग... टुंग...

आणि आता वास. एसी चालू, काचा बंद, आणि आत वास... वाळल्या कडब्याचा, शेणाचा, उन्हात तापलेल्या लुगड्याचा.

निलाक्का दिवसभर जनावरांत असते. तिला तो वास नवा नव्हता. पण तो तिच्या अंगाचा नव्हता. शेजारून येत होता.

त्यानंतर बाटली.

गिअरजवळ ती पाण्याची बाटली ठेवायची. सीलबंद, दुकानातून आणलेली. त्या दिवशी वस्तीवर गाडी थांबवली, पाणी प्यायला बाटली उचलली...

हलकी लागली.

सील तसंच. झाकण तसंच. आत थेंब नाही.

तळाला भोक असेल म्हणून तिनं ती दाबून बघितली. हवा सुद्धा निघाली नाही. खाली मॅट कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या ठेवल्या. दोन्ही गेल्या.

कुणीही घाबरलं असतं. निलाक्काला राग आला. तिला वाटलं, चेअरमनची माणसं खेळ करतायत. अर्ज केला म्हणून. तिनं गाडी कुलूपबंद ठेवली, चावी गळ्यात अडकवली. फरक पडला नाही.

चौथ्या वेळी ती न थांबता सरळ म्हाळूच्या घरी गेली.

म्हाळू म्हणजे चेअरमनचा ड्रायव्हर. दहा वर्षांची नोकरी त्यानं मे महिन्यात एकाएकी सोडली होती. राखाडी गाडी दारात बघितली आणि तो बसल्या जागेवरून उठून मागं सरकला.

"हिला इथं कावून आनली, बाई?"

"तू सांग. या गाडीत काय झालंय? कुणाला उडवलंत?"

"न्हाई बाई. आईची आन. कुनाला धक्का बी न्हाई लागला."

"मग?"

तो गाडीकडं पाठ करून बसला. बायकोनं आतून सांगितलं, "सांगून टाका एकदाचं. रातभर झोपत न्हाई तुमी."

मग तो बोलला.

त्या दिवशी दुपारी तो चेअरमनला घेऊन माळावरून चालला होता. लिंबापाशी एक म्हातारी हात वर करून उभी होती. कळशी पायाशी. गाडी हळू झाली तशी ती पुढं आली. काचेवर बोटं टेकवली. तोंडानं आवाज निघत नव्हता, नुसता अंगठा ओठाला लावून दाखवत होती.

पाणी.

"गाडीत पान्याचा आख्खा खोका व्हता, बाई. थंडगार. मी काच खाली घ्यायला गेलतो. चेअरमन म्हनले, चल. एकीला दिलं तर सगळी छावनी आडवी येईल. चल म्हनतो न्हवं?"

"आणि तू गेलास."

"गेलो."

निलाक्कानं त्याच्या खाडकन मुस्काटात मारली. तो हलला नाही. गालावर हात सुद्धा नेला नाही.

तिथून ती चेअरमनच्या मळ्यावर गेली. दुपारचे दोन वाजले असतील. माझे वडीलही तोवर पोचले होते, तिनंच फोन केला होता.

मोहनराव ओसरीवर बसले होते. पंखा चालू. मागं मोसंबीची बाग हिरवीगार.

"या डॉक्टरबाई. कशी काय हाय आमची गाडी?"

"तुमचीच आहे. तुम्हीच ठेवा." तिनं चावी त्यांच्या पुढ्यात फेकली. "काचेवर बोटं टेकवली होती तिनं. आठवतंय का?"

त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते हसले.

"म्हाळ्यानं कान भरले वाटतं. बाई, म्हातारं मानूस हुतं. ऊन लागलं, गेलं. हजार लोक मेले दुष्काळात. त्याला मी काय करू?"

"काही करू नका. फक्त लिंबापर्यंत जाऊन या. एकटे."

ओसरीवर चार माणसं होती. त्यांच्यासमोर नाही कसं म्हणणार? चेअरमन उठले, चावी उचलली. "शिकलेल्या बाया आन असलं खूळ," असं म्हणत गाडीत बसले.

गाडी फाटकाबाहेर गेली. माळ सपाट, सगळं दिसत होतं. लिंब अर्ध्या किलोमीटरवर.

गाडी लिंबापाशी पोचली आणि थांबली.

एक मिनिट. दोन मिनिटं...

इंजिन चालू असल्याचा आवाज येत होता. दार उघडत नव्हतं.

माझे वडील आणि निलाक्का तिकडं चालत निघाले. जवळ गेल्यावर समोरच्या काचेतून चेअरमन दिसले. त्यांची मान शेजारच्या सीटकडं वळलेली होती. ओठ हलत होते. ते कुणाशी तरी बोलत होते.

हात जोडलेले होते.

माझ्या वडिलांनी दाराला हात घातला. आतून कुलूप. काच ठोकली. चेअरमननं बघितलंच नाही.

मग एकदम दार आपोआप उघडलं. चेअरमन उतरले, आणि यांच्याकडं न बघता मळ्याकडं चालू लागले. चपला गाडीतच राहिल्या. तापल्या फुफाट्यातून अनवाणी. ओसरीवर नाही गेले. गोठ्यापुढच्या जनावरांच्या हौदाशी गेले, गुडघे टेकले आणि तोंड बुडवलं.

जनावर पितं तसे पीत राहिले.

बायको तांब्या घेऊन धावली. माणसांनी धरून मागं ओढलं. ओठ चिरलेले, जीभ कोरडी पडून पांढरी झालेली... इतकं पाणी पिऊन.

"अजून," ते म्हणाले.

दुसरं काही बोलले नाहीत.

त्यांना आधी बीडला नेलं, मग औरंगाबादला. रिपोर्टात काही निघालं नाही. चेअरमनपद पावसाळ्यात गेलं. आजही ते ओसरीवर बसलेले असतात म्हणे, दोन्ही बाजूंना माठ ठेवून.

माझ्या वडिलांनी सिदूकडं जाऊन व्यवहार मोडला. निलाक्कानं लाल गाडी घेतली. कडक शॉकसकट. ती अजूनही तीच चालवते, त्या गाडीत कधी काही झालं नाही.

गोष्ट इथं संपायला हवी होती.

आठवड्यानं म्हाळू शेळी दाखवायच्या निमित्तानं निलाक्काकडं आला. शेळीला काही झालेलं नव्हतं.

"बाई, एक सांगायचं ऱ्हायलं. म्हातारी गेली त्या दिवशी सांजच्याला आमी त्याच वाटंनं परत आलतो. ती तिथंच व्हती. लिंबापाशी. हात वर करून."

"किती वाजता?"

"सहा वाजलं आसतील."

निलाक्कानं मनातच वेळ जुळवून बघितली. बायनाबाईचं प्रेत लोकांनी दुपारी तीन वाजताच उचललं होतं. दवाखान्याचा कागद तिनं स्वतः वाचला होता.

"म्हनून तर नोकरी सोडली," म्हाळू म्हणाला, आणि शेळी घेऊन निघून गेला.

पुढचं निलाक्कानं कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या वडिलांनाही नाही. दोन वर्षांनी मला सांगितलं, स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता.

बायनाबाई गेली त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती पण त्या रस्त्यानं आली होती. संघाच्या जीपमधून, स्वतः चालवत. फोन कानाला. टँकरवरून तहसीलच्या माणसाला फाडून खात होती. मावळतीचं ऊन डोळ्यांवर. लिंबापाशी कुणीतरी म्हातारी हात वर करून उभी होती.

"वाटलं, शिरूरला जायचं असेल. येईल मागून एखादी गाडी." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मी पाण्यासाठीच भांडत होते गं. तिच्याच पाण्यासाठी. आणि थांबले नाही."

मी पिठाची परात तिच्याकडं सरकवली.

"परत गेलीस का त्या रस्त्यानं?" मी विचारलं.

"नाही. लांबून जाते. अकरा किलोमीटर जास्त पडतात."

"भीती वाटते?"

"भीती कसली?" ती तडकली. मग भाकरी करपायला लागली तरी ती न उलटता निलाक्का म्हणाली,

"अजून तिथंच उभी असली तर?"