एक नंबरचा पट्टा

रुंजी रडायची थांबली आणि डॉ. उत्तरा देवगडे घाबरल्या.

बाल-अतिदक्षता विभागात रडणाऱ्या लेकराची कुणी फारशी काळजी करत नाही. रडायला श्वास लागतो, आणि श्वास आहे म्हणजे निम्मी लढाई जिंकलेली असते. धावतात ते गप्प झालेल्या लेकराकडे. उत्तराबाईंनीही सवयीनं मॉनिटरच्या पडद्याकडे पाहिलं. नाडी, प्राणवायू, सगळं उत्तम होतं. दोन तास आईच्या मांडीवर टाहो फोडणारी ही नऊ महिन्यांची पोर त्यांनी नुसती तपासायला म्हणून उचलली, आणि ती त्यांच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली. त्यांना भीती वाटली ती याचीच.

"पाहा बाई," रुंजीची आई वर्षाली म्हणाली. ती सकाळच्या पहिल्या गाडीनं दर्यापूरहून आली होती. "इथं बावन्न दिवस राहून घरी नेली, तवापासून असंच चालू हाये. दूध घेत नाही, झोपत नाही. पंधरा दिवसांत अर्धा किलो उतरली. माह्या पोटची पोर, अन् माह्यापाशी राह्यत नाही. मी काय केलं असंन तिचं?"

"तुम्ही काही केलेलं नाही," उत्तराबाई म्हणाल्या. मग कुणी केलं, हे मात्र त्यांना सांगता येईना. रुंजीला पुन्हा दाखल करून त्या तडक तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेल्या.

अमरावतीच्या वेशीवरच्या या बालरुग्णालयात दीड वर्ष त्यांचं एकच संशोधन चाललं होतं. श्वासयंत्रावरच्या लेकराला आईच्या कुशीत देता येत नाही. नळ्यांचं जंजाळ आड येतं. म्हणून त्यांनी लयशय्या तयार करवून घेतली. आईनं छातीला लयपट्टा बांधायचा. ती बाहेर बाकावर बसलेली असो की घरी भाकरी थापत असो, तिच्या हृदयाची आणि श्वासाची लय त्याच क्षणी लेकराच्या गादीत उमटायची. ज्या मुलांना आईची लय मिळते ती लवकर बरी होतात का, एवढंच पाहायचं होतं. निम्म्या मुलांना आईची लय, निम्म्यांना एक तटस्थ 'मानक लय'. कुणाला कोणती मिळते आहे, हे खुद्द उत्तराबाईंनाही कळू नये म्हणून ती यादी मोहोरबंद होती.

"यादी उघड," त्या अभियंता हेरंब काळपांडे याला म्हणाल्या.

हेरंबनं खुर्ची वळवली. "बाई, आता यादी उघडली तर अभ्यास तिथंच संपला. दीड वर्ष पाण्यात."

"पोर वाळत चालली आहे, हेरंब. कुठं सही करू?"

सही झाली. हेरंबनं यादी उघडली आणि रुंजीची ओळ शोधली.

"रुंजीला मानक लय मिळाली," तो म्हणाला.

"म्हणजे यंत्राची? यंत्राचा इतका लळा लागेल?"

"यंत्राची नाही. ठोकळेबाज लयीवर मुलं अस्वस्थ होत होती, म्हणून माणसाचीच घ्यायची असं आपलं ठरलं होतं."

"हो. कुणा त्रयस्थाची. आधी नोंदवून ठेवलेली."

"तशी ती नोंदवली गेली होती." हेरंबचा आवाज खाली आला. "पण 'लय कोणाची' या रकान्यात त्या नोंदीचं नाव भरायचं राहिलं. मला वाटलं नोंदवणारा भरेल, त्याला वाटलं मी भरेन. आणि रकाना रिकामा असला की यंत्र आपल्या मनानं एक नंबरच्या पट्ट्याची लय घेतं. यादी मोहोरबंद, त्यामुळं नंतर कुणी डोकावलंही नाही."

उत्तराबाईंचा हात नकळत छातीवर गेला. एक नंबरचा पट्टा तिथं होता.

कोणतंही उपकरण लेकराला लावण्याआधी डॉक्टरनं स्वतःच्या अंगावर आठवडाभर वागवायचं, हा नियम विभागात त्यांनीच घातला होता. पट्टा त्यांनी तसाच बांधला. आठवडा संपला, पण पट्टा राहिला. आंघोळीपुरता काढायचा आणि पुन्हा बांधायचा. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहणाऱ्या बाईला 'काय ते सारखं बांधून बसतेस, काढ की' असं म्हणणारं घरात कुणी नव्हतं.

"म्हणजे ते बावन्न दिवस..."

"बावन्न दिवस रुंजी तुमच्या छातीवर झोपत होती, बाई." हेरंबनं चष्मा काढून पुसला. "एका भिंतीवर दोन लंबकांची घड्याळं टांगली, तर भिंत इतकीशी हलते आणि हळूहळू दोन्ही लंबक एका तालात येतात. आपला सगळा अभ्यास त्यावरच उभा आहे. मोठी मुलं आठवड्याभरात बरी होऊन घरी गेली, ती विसरलीही असतील. ही तान्ही, आणि मुक्काम लांबलेला. हिचं शरीर तुमच्या तालावर बसलंय."

"आणि पट्ट्यातून मला जी टकटक जाणवते ती? तू म्हणाला होतास, यंत्राची स्वतःची तपासणी चालू असते."

"मलाही तसंच वाटलं होतं," हेरंब म्हणाला. पट्टा दुहेरी होता. लेकराची नाडी तो आईच्या छातीवर हलकेच वाजवायचा, म्हणजे बाहेर बसलेल्या माउलीला धीर राहावा. उत्तराबाईंच्या छातीवर दीड वर्ष वाजत होती ती तपासणी नव्हती. आज हे लेकरू, उद्या ते, अशी ती पोरंच होती.

खानावळीचा डबा उभ्याउभ्या खाताना, कपड्यांच्या घड्या घालताना, ती टकटक त्यांच्या सोबतीला असायची. कधी ती घाईत असे, कधी संथ. एकदा तर त्या तिला "अगं हो, हो" असं म्हणूनही गेल्या होत्या. आता खरं कळल्यावर त्यांना आधी आनंद झाला, अगदी भरून आलं, आणि मग त्या आनंदाची लाज वाटली. वर एक आई कोरड्या डोळ्यांनी बसली होती.

त्यांनी तिला काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हंजे तिच्या लेखी माय तुम्ही," वर्षाली म्हणाली. "अन् मी कोन?"

"वीस दिवस द्या मला," उत्तराबाई म्हणाल्या. "तुमची पोर तुम्हाला परत देते."

उपाय सरळ होता. त्याला त्यांनी 'लयपालट' असं नाव दिलं. वर्षालीनं पट्टा बांधायचा. गादीत पहिल्या दिवशी पंच्याण्णव टक्के लय उत्तराबाईंची, पाच टक्के आईची. दुसऱ्या दिवशी नव्वद आणि दहा. असं करत विसाव्या दिवशी उत्तराबाईंचं शून्य. तोवर त्यांनी रुंजीला हातही लावायचा नाही.

अकराव्या दिवशी काचेपलीकडून रुंजीनं त्यांना पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. त्या वळून निघून गेल्या, आणि औषधांच्या खोलीत जाऊन रडल्या. चौदाव्या दिवशी पोर आईकडून बाटलीभर दूध प्यायली. विसाव्या दिवशी वर्षालीच्या पदरात तोंड खुपसून झोपलेली रुंजी घरी निघाली.

"आता वळखत बी नाही पाहा तुम्हाले," वर्षाली हसून म्हणाली, आणि लगेच ओशाळली. "तसं नोय बाई..."

"असंच व्हायला हवं होतं," उत्तराबाई म्हणाल्या. ते खरंही होतं.

छातीवरची टकटक त्याच दिवशी थांबली. अभ्यास बंद, गादीवर लेकरू नाही, वाजणार कोण? आठवडाभरात उत्तराबाईंची झोप उडाली. जेवण जाईना. जिना चढताना हृदयाचा ठोका चुकायचा. हेरंबनं त्यांचा आलेख काढला आणि शेजारी रुंजी परत आली त्या दिवशीचा तिचा आलेख ठेवला. दोन्ही सारखेच वेडेवाकडे होते.

"दोन घड्याळं, बाई," तो म्हणाला. "एकच कसं हलेल? तिचा लयपालट केला, तुमचा करायचा आपल्याला सुचलंच नाही." त्यानं त्यांच्या पट्ट्यात लयपालट बसवून दिला. "रुंजीची नोंदलेली लय रोज पाच टक्क्यांनी कमी होईल आणि दुसरी तेवढीच वाढेल. फक्त ती दुसरी कुणाची, ते सांगा. जवळचं कुणी, जे रोज पट्टा बांधेल."

"घरी जाऊन भरते," त्या म्हणाल्या.

रविवारी दुपारी त्या पलंगावर बसल्या. मांडीवरच्या टॅबवर रकाना उघडा होता. पुण्याच्या भावाशी दिवाळीनंतर बोलणं नव्हतं. कॉलेजातल्या मैत्रिणीचा नंबर बदललेला. हेरंबला विचारलं तर तो बिचारा लगेच हो म्हणेल, म्हणूनच विचारवेना. पाऊण तासानं त्यांनी काहीही न भरता 'सुरू' दाबलं आणि आडव्या झाल्या.

रोज रुंजीची ओळखीची टकटक येई, आणि तिच्या तळाशी दुसरी एक संथ थाप. विसाव्या दिवशी ती थाप एकटीच उरली. ती शांत होती, नीट होती. हेरंबनंच मला न विचारता कुणाची तरी भरली असेल, असं वाटून त्यांना बरं वाटलं. थोड्या कुतूहलानं त्यांनी ठोके मोजले. मिनिटाला बहात्तर. मग मनगटावर बोट ठेवलं. बहात्तर. एक ठोका चुकला, तर दोन्हीकडे एकदमच चुकला.

रिकामा रकाना. एक नंबरचा पट्टा.

त्या तशाच पडून राहिल्या. पट्टा त्यांनी काढला नाही.