उन्हाळ्यात झोपणारं झाड

रोज न चुकता पाणी मिळूनही एखादं झाड मरेल का? मेलं ना! आणि तेही शाल्मलीच्या हातून.

सन २०६३. दहा वर्षांची शाल्मली तळेगावहून अमेरिकेतल्या आयडाहोला, वनस्पतिशास्त्रज्ञ आजोबांकडे राहायला आली होती. घराभोवती कोरडा ठणठणीत माळ, त्यावर सेजब्रशची राखाडी झुडपं. वसंतात तिथे पिवळंधमक फुलणारं बाल्समरूट नावाचं रानझाड वणव्यांनी पार संपवलं होतं. उरलं होतं अंगणातलं एकच रोप. आजोबांनी ते सहा वर्षं जपलं होतं आणि पुढच्या वसंतात ते पहिल्यांदा फुलणार होतं.

जुलैत त्याची पानं पार वाळून गेली. आजोबा महिनाभर कामासाठी बाहेरगावी होते. घर सांभाळायला यंत्रमानव होताच. शाल्मलीला तळेगावची सवय, आंघोळ झाली की तुळशीला पाणी. "बिचारं तहानलंय गं बाई," म्हणत ती रोज त्या रोपाला तीन-तीन तांबे पाणी घालत राहिली.

आजोबा परतले. भूदर्शकाच्या (जमिनीखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर मूळ काळं, पिचपिचीत दिसलं.

"अगं, काय केलंस हे!" ते ओरडलेच. मग तिचा चेहरा पाहून तिच्याजवळ खाली बसले.

"मला वाटलं, ते मरतंय."

"झोपलं होतं गं. हे बहुवर्षायू झाड (वर्षानुवर्षं जगणारं). वसंतात बर्फाचं पाणी पितं, पानांत अन्न बनवतं आणि जाडजूड सोटमुळात (सरळ खोल जाणाऱ्या मुळात) साठवतं. उन्हाळा आला की पानं टाकून देतं. ही सुप्तावस्था (झाडाची झोप). पानंच नाहीत, तर पाणी लागतंय कुठे?"

"पण जास्तीच्या पाण्याने मरायचं कशाला?"

"मुळालाही श्वास लागतो. चिखलात हवा कुठली? त्यात ओली, गरम माती म्हणजे बुरशीची चंगळ. आधी गुदमरलं, मग कुजलं."

"मीच मारलं त्याला!" शाल्मली हमसून हमसून रडली.

"मी सांगून जायला हवं होतं. जन्मभर पोरांना झाडं शिकवली आणि घरच्या पोरीला एवढं सांगायला विसरलो." आजोबांना ते फार लागलं होतं.

आजोबांच्या डबीत बाल्समरूटच्या चार बिया शिल्लक होत्या. बर्फाखालचा ओला गारवा मिळाला तरच त्या रुजतात, म्हणून थंडीच्या तोंडावर दोघं पेरायला बसली. शाल्मलीने तीन पेरल्या.

"फूल कधी येईल?"

"सात वर्षं धर."

तिने बोटं मोजली. ती सतराची होईल, आजोबा अठ्ठ्याऐंशीचे.

"मी नसलो तर तू नीट बघ हं," आजोबा म्हणाले. "रंग कसा आहे, लिहून ठेव."

"काही नाही! तुम्हीच बघायचं," ती रागाने म्हणाली आणि चौथं बी तिने त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हे तुमचं. पेरा."