लीलाधर फेगड्यांची भूक

कोकिळाबाईनं चमचा पुढं केला आणि लीलाधरनं तोंड मिटून घेतलं.

"आ करा. मुगाचं पाणी आहे, विष नाही."

त्यानं आ केला नाही. मग तिनं वासराला पाजतात तसं अंगठ्यानं हनुवटी खाली दाबली आणि अर्धा चमचा आत सोडला. निम्मं पाणी बाहेर आलं, निम्म्यानं ठसका लागला. ठसका असा की डोळ्यांतून पाणी निघालं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि चमचा परत भरला.

बाहेर सावद्याच्या रस्त्यावरून केळीनं भरलेला ट्रक गेला. आत माणूस कुणी नव्हतं. ट्रक आता आपले आपण दिल्लीला जातात. त्यांना ना झोप येते ना भूक लागते. आणि इथंच तर कोकिळाबाईच्या खानावळीचं कंबरडं मोडलं. एके काळी पंजाबी, हरयाणवी, मारवाडी ड्रायव्हर दारात रांग लावायचे. ही ओट्यावरूनच ओरडायची, "बस, बस, तुझं तोंडच सांगतंय सकाळपासून चहावर आहेस!" आता जेवायला येतात ते केळी भरणारे हमाल आणि ट्रकच्या वायरी बघणारा एखादा मेकॅनिक. वाढायची सवय हाताला, आणि वाढायला समोर कुणी नाही. उरला एक नवरा, तर तो तोंड मिटून बसलेला.

लीलाधरच्या किडन्या गेल्या होत्या, हृदय दमलं होतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, घरी न्या, आपल्या माणसांत राहू द्या. बोलायचं बळ राहिलं नव्हतं, पण डोकं शाबूत होतं. डोळे सावकाश मिटले की हो, मान भिंतीकडं वळवली की नाही. एवढ्यावर सगळा संसार चालला होता. फक्त जेवणाच्या बाबतीत कोकिळाबाई त्याचं नाही ऐकत नव्हती. पंगतीत वाढून वाढून तिचा जन्म गेलेला. 'नको' म्हणणाऱ्याच्या ताटापाशी जी थांबते तिला वाढता येत नाही, असं तिचं मत. नको म्हणजे लाजतोय. नको म्हणजे वाढ.

मुलगा जयेश सुरतेहून आला होता. त्यानं बापाच्या बरगड्या बघितल्या आणि त्याचा चेहरा पडला.

"आई, नाकातून नळी घालू. उद्याच. पोटात अन्न गेलं पाहिजे. लोक म्हणतील, फेगड्यांनी खानावळ चालवली आणि घरचा माणूस उपाशी मारला."

"मी काय वेगळं म्हणते?" कोकिळाबाई म्हणाली. "त्या तडवीच्या पोरीला बोलाव. ती घालते म्हणे नळी."

नर्गिस तडवी ही घरोघर जाऊन शेवटच्या आजाराची माणसं बघणारी नर्स. मूळची यावलकडची, बोलायला गोड पण कुणाला न घाबरणारी. दुपारी ती आली, लीलाधरची नाडी बघितली, छातीला यंत्र लावून ऐकलं आणि चमच्याकडं बघून म्हणाली, "मावशी, काकांच्या छातीत घरघर आहे. पाणी चुकीच्या वाटेनं फुप्फुसात चाललंय."

"मग नळी घाल ना बाई."

"घालता येईल. पण त्यांना भूक आहे का, ते आधी बघू."

"भूक आहे का?" कोकिळाबाई हसलीच. "पोरी, तुझी आई दवाखान्यात आया होती ना, तिचा डबा माझ्याकडून जायचा. भूक मला शिकवू नको."

नर्गिसनं वाद घातला नाही. पिशवीतून एक डबी काढली. आत दोन पट्ट्या होत्या, बोटाएवढ्या, मऊ, कातडीच्या रंगाच्या. कागदोपत्री या जोडीचं नाव 'सहसंवेदक', पण सगळे नर्स-डॉक्टर तिला जुळी म्हणतात.

"पोटापासून मेंदूपर्यंत एक लांब नस जाते, मानेतून," एक पट्टी लीलाधरच्या मानेला चिकटवत ती म्हणाली. "भूक, तहान, मळमळ, पोट भरणं, या सगळ्याचा निरोप त्याच नसेतून वर जातो. ही पट्टी तो निरोप ऐकते. दुसरी पट्टी ज्याच्या मानेला लावू, त्याच्या नसेत तोच निरोप हळूच वाजवते. मनातलं काही कळत नाही, मावशी. अंगातलं कळतं."

"म्हणजे बाबांच्या पोटातलं दुसऱ्याच्या पोटात?" जयेश म्हणाला. "काहीही! मोबाईलवर आकडे दाखव की."

"आकडे दाखवते ना. हे बघा, भुकेची रेघ, तळाला आहे. पटलं?"

जयेशनं तोंड वाकडं केलं. रेघेवर कोण विश्वास ठेवणार?

"लाव मला," कोकिळाबाईनं मान पुढं केली. "बघू तुझा खेळ."

सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. नवरा खात नाही म्हटल्यावर हिच्याही घशाखाली उतरत नव्हतं, पण भूक आतून कुरतडत होती. पट्टी चिकटली आणि ते कुरतडणं विझत गेलं. गावजेवणात वरण-बट्टी, वांग्याची भाजी खाऊन माणूस हात धुतो, भिंतीला टेकतो आणि आता कुणी काही दाखवू नये असं वाटतं ना, तसं पोट झालं. जड नाही. भरलेलं, शांत.

"हे... हे यांचं आहे?"

"त्यांचंच. शरीर आवरायला लागलं की भूक आपण होऊन जाते, मावशी. ते उपाशी नाहीत."

कोकिळाबाईचा विश्वास बसेना. पट्टी मानेवर तशीच ठेवून तिनं मुगाच्या पाण्याचा चमचा उचलला आणि लीलाधरच्या ओठांपाशी नेला.

तिचाच घसा आवळला. चमचा अजून ओठाला लागलासुद्धा नव्हता. लहानपणी विहिरीत पाय घसरला होता आणि नाकातोंडात पाणी गेलं होतं, अगदी तशी छाती दाटून आली. चमचा तिच्या हातून वाटीत पडला.

आठवडाभर ती हेच करत होती, सकाळ, दुपार, संध्याकाळ, मायेनं.

"आई, काय झालं?"

"नळीचं नाव काढू नको," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं बघून, "अहो, सांगायचं तरी!"

सांगत तर तो होताच. रोज सांगत होता.

जरा वेळानं ती जीभ टाळूला लावून बघायला लागली. "नर्गिस, तोंडाला कोरड पडलीय गं. माझं की यांचं?"

"त्यांचं. कापूस भिजवा आणि ओठ ओले करा. प्यायला देऊ नका, नुसतं ओलं."

तिनं माठातल्या पाण्यात कापूस भिजवून त्याच्या ओठांवरून, जिभेवरून फिरवला. तिच्या तोंडात गारवा पसरला. सात-आठ पदार्थ केले होते तिनं या आठवड्यात. शिरा काय, खिमट काय, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर दुधात कुस्करून काय. आणि हवं होतं ते एवढंच, माठातलं पाणी, तेही कापसाला पुरेल इतकं.

पण बाईचा जीव वाढणारीचा. तासाभरानं तिनं नर्गिसला कोपऱ्यात घेतलं.

"या पट्ट्यांची दिशा फिरवता येते का? माझ्याकडून त्यांच्याकडं?"

"म्हणजे?"

"मी जेवते. चव त्यांना लागू दे. घशातून काही जायला नको, ठसका नको. एकदाच. हिरव्या मिरचीचं वरण आणि तुपातली बट्टी. त्यांना फार आवडते."

जयेशचे डोळे चमकले. "हे भारी आहे! आई, तू चार बट्ट्या खा!"

नर्गिस जरा घुटमळली. "फिरवता येते. पण दोन गोष्टी आहेत. एक, पेशंटनं हो म्हटल्याशिवाय मी करणार नाही, तसा नियमच आहे. दुसरी, मावशी, नुसती चव जात नाही. आधी तुमची भूक जाईल. अन्न गोड लागायला भूक लागतेच ना? ज्याची भूक सुटलीय त्याला तुम्ही परत भूक द्याल. मग मी पट्टी काढेन, आणि ती भूक लगेच जाईल की मागं राहील, हे मला सांगता येत नाही. कुणालाच नाही अजून."

कोकिळाबाई बाजेशेजारी बसली. बराच वेळ तिनं नवऱ्याच्या पायाला हात लावून ठेवला. एवढ्या ड्रायव्हरांना जेवायला घातलं, भूक लावली मात्र कधी कुणाला नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "ऐका. मी वरण-बट्टी करते. हिच्या पट्टीनं तुम्हाला चव लागेल. पण परत भूक लागेल म्हणते ही. परत सगळं हवंहवंसं वाटेल. पाहिजे का? माझ्यासाठी म्हणून हो म्हणू नका."

लीलाधर तिच्याकडं बघत राहिला. मग अगदी सावकाश त्याची मान भिंतीकडं वळली.

"आई, परत विचार," जयेश म्हणाला. "जरा आग्रह कर. बाबा पहिल्यांदा नाहीच म्हणतात."

"नको म्हणाले ते," कोकिळाबाई म्हणाली. "माणूस नको म्हणाला. कळलं ना?"

तिनं डोळे पुसले. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखी पुढं वाकली.

"मग मी जेवू? इथं बसून? तुमच्यासमोर?"

त्याची मान भिंतीकडून परत तिच्याकडं वळली. डोळे मिटले, सावकाश, आणि बराच वेळ मिटलेलेच राहिले.

आता खरं सांगायचं तर एवढ्या संसारात या दोघांनी समोरासमोर बसून जेवण असं केलंच नव्हतं. तो जेवायचा तेव्हा ही तव्यावर, ही जेवायची तेव्हा शेवटचा ट्रक गेलेला आणि तो झोपलेला. तो म्हणायचा, बस की गं आता. ही म्हणायची, बसते, तुम्ही घ्या.

जयेशनं बट्ट्या तळल्या. दोन करपल्या. नर्गिसनं वरणाला फोडणी दिली आणि मिरचीच्या ठसक्यानं सगळ्यांना शिंका आल्या. कोकिळाबाई बाजेजवळ पाट टाकून बसली. मानेवरची पट्टी काढायची राहूनच गेली.

तिनं बट्टी चुरली, वर वरण घातलं, तुपाची धार सोडली. पहिला घास घेतला.

"तळलीय बरी," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमच्या पोराला मीठ मात्र कळत नाही."

दुसरा घास. तिसरा. नर्गिस सहज मोबाईलकडं बघत होती, ती सरळ होऊन बसली. लीलाधरच्या भुकेची रेघ तळालाच होती, हलली नव्हती. पण तिच्या वरची, पोट निवल्याची रेघ, ती चढत होती. कोकिळाबाई घास गिळायची, रेघ जराशी वर जायची. ती थांबली की रेघ थांबायची.

"तू दिशा फिरवलीस?" जयेशनं कुजबुजत विचारलं.

"नाही हो. त्यांच्याकडून इकडं येतंय तेवढंच. मावशींचं तिकडं काहीही जात नाहीये."

"मग बाबांना कसं कळतंय?"

"वास असेल. चावण्याचा आवाज असेल. नाहीतर..." नर्गिसनं मोबाईल आडवा केला, उभा केला, पट्टी नीट चिकटली आहे का बघायला हात पुढं केला. "नाहीतर मला माहीत नाही. असं मी कुठंच बघितलं नाही."

"यंत्र बिघडलं असेल."

"मग घास गिळल्यावरच कसं बिघडतंय?"

दोघांचा आवाज चढत चालला. लीलाधरचे डोळे मिटलेले होते, कपाळाची आठी गेली होती, श्वास संथ चालला होता. कोकिळाबाईनं पुढचा घास लहान केला, सावकाश चावायला घेतला आणि डावा हात वर करून दोघांना दटावलं.

"गप्प बसा दोघं. माणूस जेवतोय, दिसत नाही का?"