अनोळखी गायक

वारंगा फाट्यावरचं दुकान रिकामं करायचं ठरलं, तेव्हा शेजारच्या ढाब्याचा मालक बाबूसिंग स्वतः आखाडा बाळापूरला आला. हातात कापडी पिशवी, पिशवीत एक काळी हार्ड डिस्क आणि तिच्याभोवती गुंडाळलेली वायर.

"दीदी, बाकी सामान टेम्पो में आएगा," तो दारातच उभा राहून म्हणाला. "लेकिन ये तो बंटी की जान थी. इसलिए खुद लेके आया."

करुणानं पिशवी घेतली, बसा म्हणाली. तो बसला नाही. आत भिंतीला टेकून बसलेल्या जनकाबाईंकडे बघून त्यानं हात जोडले आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

बंटी करुणाचा धाकटा भाऊ. फाट्यावर त्याचं मोबाईलचं दुकान होतं. कव्हरं-चार्जर विकायचा, पण खरी गर्दी व्हायची ती गाणी भरून घ्यायला. नांदेडकडून, हिंगोलीकडून येणारे ट्रकवाले चहाला थांबले की मेमरी कार्ड नाहीतर पेनड्राईव्ह त्याच्या हातावर ठेवायचे. माणसाचं तोंड बघून त्याला कुठली गाणी लागतील हे बंटीला कळायचं. आणि तो स्वतः गायचा. गावातल्या खेमादादाच्या गायन पार्टीत भीमजयंतीला, विहारातल्या वर्षावासाच्या कार्यक्रमांना त्याचा आवाज ठरलेला. २०२२च्या पावसाळ्यात दुकानासमोरचा रस्ता ओलांडताना एका गाडीनं त्याला उडवलं. गाडी थांबलीसुद्धा नाही.

करुणा बाळापुरातच संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायची. बंटी गेला तेव्हा हट्टा गावच्या एका मुलाशी तिचं लग्न ठरलेलं होतं. तिनं ते आधी पुढं ढकललं, मग नाही म्हणून कळवलं. आईला एकटीला टाकून जाणं तिला जमलं नसतं. त्या विषयावर मायलेकींत पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

"त्याच्यात त्याचा आवाज असल का गं?" बाबूसिंग गेल्यावर जनकाबाईंनी डिस्ककडे बोट दाखवून विचारलं.

"असल. पण हुडकावा लागंल, माय."

"मंग हुडक की. मला तेवढा काढून दे."

करुणानं डिस्क लॅपटॉपला जोडली. हजारो फाईली होत्या. 'ट्रॅक ०१' नावाच्याच शेकड्यानं. 'न्यू साँग', 'न्यू साँग फायनल', 'डीजे मिक्स खरंवालं'. एकच गाणं पंधरा ठिकाणी. यातून बंटीचा आवाज शोधायचा तर प्रत्येक फाईल उघडून ऐकावी लागणार, आणि त्यात दोन-चार वर्षं सहज गेली असती.

क्लासमधल्या रीता मॅडमनी एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सुचवलं. ते गाण्याचा तुकडा ऐकतं, इंटरनेटवरच्या साठ्याशी ताडून बघतं आणि गायक, अल्बम, वर्ष अशी माहिती फाईलला चिकटवतं. मग त्या माहितीप्रमाणे फाईलचं नाव बदलून तिला ज्या-त्या फोल्डरात नेऊन ठेवतं. रविवारी दुपारी करुणानं ते बसवलं. नावाचा साचा ठरवून दिला : आधी गायक, मग वर्ष, मग गाणं. ज्यांची ओळख पटणार नाही त्या फाईलींसाठी वेगळं फोल्डर केलं आणि त्याला नाव दिलं, 'अनोळखी गायक'.

काम मनासारखं झालं. सिनेमाची गाणी, कव्वाल्या, लग्नाची गाणी आपापल्या घरी जाऊन बसली. उरलेलं सगळं 'अनोळखी'त साचलं. बंटीचं रेकॉर्डिंग असलंच तर तिथंच असणार होतं, कारण त्याला जगातलं कुठलं सॉफ्टवेअर ओळखणार?

तिसऱ्या-चौथ्या फाईलीतच तो सापडला. आधी माईकवर फुंकर, मग "हॅलो, चेक", मग घसा खाकरणं. आणि मग तो गायला लागला. जनकाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. गाणं संपेपर्यंत दोघी एकमेकींकडे बघू शकल्या नाहीत.

करुणानं त्या फाईलीवर हातानं गायकाचं नाव घातलं : बंटी. तशी आणखी काही गाणी शोधून त्यांच्यावरही घातलं. 'बंटी' नावाचं फोल्डर आपोआप तयार झालं.

दुसऱ्या दिवशी ती क्लासवरून आली तेव्हा त्या फोल्डरात तिनं न घातलेली गाणी होती.

तिला नवल वाटलं, पण भीती वाटली नाही. आपण दिलेल्या नमुन्यांवरून सॉफ्टवेअर आवाज ओळखायला शिकलं असेल. हल्ली काहीही होतं. नावंही मराठीत होती : 'बंटी - २०१९ - जयंतीचं गित', 'बंटी - २०२१ - मायचं गित'. 'गीत' हा शब्द बंटी आयुष्यभर ऱ्हस्व लिहायचा आणि करुणा त्याला त्यावरून रागवायची. त्यानंच कधीतरी ही माहिती फाईलीत भरून ठेवली असणार, असं तिनं स्वतःला समजावलं.

मग एका फाईलीवर २०२३ आलं.

संगणकाची तारीख चुकली की असं होतं, हे ती मुलांना शिकवायची. तिनं गाणं लावलं. बंटीचाच आवाज, जरा भरलेला. मधेच मागून जनकाबाईंची हाक ऐकू आली, "बंटी, भाकर निवून राहिली रे!" आणि गाणं तोडून तो हसला, "आलो माय."

"हे कवाचं गं?" जनकाबाईंनी विचारलं.

"असल जुनं."

"मला आठवत न्हाई."

करुणानं ते गाणं मोबाईलवर घेतलं आणि खेमादादाकडे गेली. खेमादादा अंगणात ढोलकीला शाई भरत होता. त्यानं मोबाईल कानाशी धरला आणि पहिल्या ओळीपासून मान हलवू लागला. हळूहळू मान थांबली.

"ढोलक माहीच हाय," तो म्हणाला. "हात माहाच हाय. पण ताई, हे गाणं आमी कधी बसवलंच न्हाई."

"इसरला असाल, दादा."

"गाणं इसरंल मी. पण ही पेटी?" त्यानं बोटानं घरात दाखवलं. चौरंगावर लाल कापडाखाली हार्मोनियम होती. "हिचा काळी चारचा सूर जरा दबून येतो. ऐका, त्याच्यात बी दबून राहिला. ही पेटी मी तेवीस साली नांदेडहून आणली. बंटीनं तर हिला पाहिलं बी न्हाई."

खेमादादानं मोबाईल तिच्या हातात परत दिला, पण लगेच सोडला नाही.

"अजून एकदा लावता का?" तो म्हणाला. दुसऱ्यांदा ऐकताना त्याची बोटं नकळत ढोलकीवर चालत होती, आणि एकाही ठिकाणी चुकत नव्हती.

घरी येऊन तिनं सॉफ्टवेअर बंद केलं. डिस्क काढली, इंटरनेट तोडलं. सगळं पुन्हा जोडून, चालू करून बघितलं तर कुठं काही वाढलं नव्हतं. डिस्कमधल्या एकूण फाईली पहिल्या दिवशी होत्या तितक्याच होत्या. नवीन काही येतच नव्हतं. जे 'अनोळखी'त आधीपासून पडून होतं, त्याला फक्त एकेक करून नाव मिळत होतं.

तिनं ते सगळं तिथंच थांबवायला हवं होतं. पण जनकाबाई पुन्हा जेवायला लागल्या होत्या.

त्यांनी लॅपटॉप उघडायला शिकून घेतलं होतं. कुठल्या चित्रावर बोट ठेवलं की बंटी गातो, एवढंच त्यांना पाहिजे होतं. करुणा क्लासला गेली की त्या ऐकत बसायच्या आणि ती परतली की गावाला जाऊन आलेल्या माणसासारख्या बातम्या सांगायच्या.

"त्याचं लगीन झालं गं. हळदीचं गाणं हाय. बाया हसून राहिल्या, खिदळून राहिल्या."

"माय..."

"सून चांगली हाय. अवो, दूध उतू गेलं, म्हणती. आवाज गोड हाय तिचा."

करुणा मोरीत जाऊन नळ सोडायची आणि तोंडावर पाणी मारत राहायची. एकदा तिनं स्वतः ऐकलं. बंटी काहीतरी हळू गुणगुणत होता आणि एक तान्हं बाळ हुंकार देत होतं. तो थांबला की ते रडायचं, तो गायला लागला की गप्प व्हायचं. गाण्याचं वर्ष २०२४ होतं. ज्या वर्षी ती दर बुधवारी आईला हिंगोलीच्या डॉक्टरकडे नेत होती, कारण आई बोलायचीच बंद झाली होती, ते वर्ष.

"तू कुटंच न्हाईस गं त्याच्यात," एक दिवस भाकरी थापता थापता जनकाबाई म्हणाल्या. "मी हाय, खेमा हाय, सून हाय. तुहाच आवाज न्हाई येत."

"मी काहून असंन?"

"तसं न्हाई." जनकाबाईंनी भाकरी तव्यात टाकली. पाठ वळवूनच म्हणाल्या, "हट्ट्याला नांदत असशील. येत असशील सणावाराला."



'अनोळखी गायक' फोल्डर रिकामं होत गेलं. फाल्गुन लागला तेव्हा त्यात एकच फाईल उरली होती. ती बरेच दिवस तशीच होती. मग एका दुपारी करुणा क्लासवरून लवकर आली, लॅपटॉप उघडला, तर ते फोल्डर मोकळं होतं.

नाव मिळालं होतं : 'बंटी - २०२५ - मायच्या पुण्यानुमोदनाचं गित'.

पुण्यानुमोदन माणूस गेल्यावर करतात, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्ष २०२५ होतं.

जनकाबाई मागच्या अंगणात तूर निवडत होत्या. सुपाचा आवाज येत होता. करुणानं कानात इयरफोन घातले.

आधी पंख्याची घरघर. फेऱ्यागणिक एक बारीक टक्. सतरंजीवर माणसं सावरून बसल्याचा आवाज. मग बंटी.

"जयभीम. माही माय, स्मृतिशेष जनकाबाई, हिच्यासाठी तुमी सगळे उन्हातानाचे आले. मला काही बोलता यायचं न्हाई. मी गाऊनच सांगतो."

तो गायला लागला. दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला, आणि मागं कुणीतरी बाई हुंदके द्यायला लागली.

स्वतःचं रडणं माणसाला बाहेरून कधी ऐकू येत नाही. तरी करुणानं ते ओळखलं.

बंटी गाणं सोडून म्हणाला, "ताई, बस आता. इकडं ये."

आणि एक लहान मूल अगदी माईकजवळ येऊन म्हणालं, "मम्मी, नको ना रडू."

करुणानं इयरफोन ओढून काढले.

सुपाचा आवाज थांबला होता. जनकाबाई दारात उभ्या होत्या.

"शेवटलं लागलं का?" त्यांनी विचारलं.

"तू... तू ऐकलं हे?"

"सकाळीच. तू गेल्याबराबर."

"माय, हे खरं नसतं गं. मशीन हाय ते. चुकतं."

"चुकू दे की." जनकाबाई आत येऊन तिच्याशेजारी टेकल्या. तुरीची धूळ लागलेला हात त्यांनी तिच्या डोक्यावरून फिरवला. "तुमी दोघं एका जागी होता त्याच्यात. मला तेवढंच पायजे होतं."

करुणानं फाईल निवडली आणि पुसायच्या बटणावर बोट ठेवलं.

जनकाबाईंनी तिचा हात धरला.

"नको पुसू," त्या म्हणाल्या. "तुह्या लेकराचा आवाज तेवढाच हाय आपल्याकडं."

करुणा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. कितीतरी वेळ रडली. जनकाबाई थोपटत राहिल्या. मग तिला हळूच बाजूला करून उठल्या.

"अचानकच उकडून राहिलं गं आज," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे जाऊन त्यांनी पंख्याचं बटण दाबलं.

दिवाळीपासून बंद असलेला पंखा आधी नुसताच कण्हला. मग फिरायला लागला, आणि फेऱ्यागणिक एक बारीक टक् ऐकू येऊ लागली. बंद केला तेव्हा तो असा वाजत नव्हता.