चंद्राबाईंनी अडवून ठेवलेला प्रोसेसर

पोलादपूर-महाड एसटी खच्चून भरलेली, आणि खिडकीची जागा मात्र एका घोंगडीने अडवलेली! घोंगडीत काहीतरी चौकोनी गुंडाळलं होतं आणि शेजारचा उंच, सावळा तरुण ते दोन्ही हातांनी धरून बसला होता.

"या पाहुण्यांना उभं राहता येत नाही का?" श्रुतिकाने विचारलं.

तो दचकला. "आजारी हाय हो... म्हणजे, कॉम्प्युटर आहे. मधेच बंद पडतो. महाडला दाखवायला नेतोय."

"कुणाकडे?"

"श्रुतिका कॉम्प्युटर्स म्हणून दुकान आहे. माणूस बरा आहे म्हणतात."

"माणूस बराच आहे," श्रुतिका गंभीरपणे म्हणाली, "पण बसायला जागा दिली तर आणखी बरा वागतो."

त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळच लागला. मग त्याने घाईघाईने मशीन मांडीवर घेतलं. महाड येईपर्यंत घोंगडीच्या वर त्याचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते चोरून तिच्याकडेच बघत होते.

त्याचं नाव सुनील. घर वर डोंगरात कुडपणला, आणि खाली पोलादपूरला लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगचा छोटासा स्टुडिओ. त्याच्या मशीनमधून श्रुतिकाने मूठभर गवताचा भुसा काढला, पंखा साफ केला आणि दोघं मिळून खूप हसली. ही दोन हजार पाच सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. त्यानंतर शिमग्यापर्यंत तो सहा वेळा आला. येण्यासारखं कारण होतं ते फक्त दोनदा. बाकी वेळा स्टुलावर बसायचा, "मॅडम..." म्हणून सुरुवात करायचा आणि तिथेच अडकायचा. तो गेला की श्रुतिकाला दुकान उगीचच ओकंबोकं वाटायचं. तो तिला आवडत होता. हे तिने स्वतःशी कधीच कबूल करून टाकलं होतं. घोडं अडलं होतं ते या गृहस्थाच्या तोंडापाशी!

वैशाखात एका सकाळी तो मशीन घेऊन आला तो चेहरा पाडूनच.

त्याच्या भावाने, जितेशने, मुंबईहून जुन्या बाजारातला पण चांगला वेगवान प्रोसेसर पाठवला होता. सुनीलने तो स्वतःच बसवला आणि तेव्हापासून पडदा काळा ठिक्कर. इकडे अकरा लग्नांच्या सीडी द्यायच्या बाकी. जितेशने बजावलं होतं – महिनाअखेर काम उरकलं तर ठीक, नाहीतर स्टुडिओला कुलूप लाव आणि मुंबईला ये, कंपनीत जागा आहे.

"मग?" श्रुतिकाने मान वर न करता विचारलं.

"मग काय... जावं लागेल."

तिच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. पण चेहऱ्यावर तिने काही दिसू दिलं नाही.

"बोर्डावर एक छोटा प्रोग्राम असतो, बायोस," ती म्हणाली. "मशीन सुरू झालं की आधी तो जागा होतो आणि कोण कोण आलंय ते बघतो. हा प्रोसेसर तुमच्या बोर्डानंतर बाजारात आला, म्हणून तो याला ओळखतच नाही. आधी बायोस अपडेट करायचा, मग प्रोसेसर बदलायचा. तुम्ही उलटं केलंत."

"मग आता करा की अपडेट."

"मशीन चालू झालं तर करणार ना! त्यासाठी जुना प्रोसेसर परत बसवायला हवा. आणलाय?"

सुनीलने नकारार्थी मान हलवली.

"कुठाय?"

"आईकडे." त्याने कान खाजवला. "खालचे काटे पिवळे धमक दिसतात ना... आई म्हणते सोनं हाय. सुनेसाठी ठेवलंय म्हणते. मागितला तर देत नाय."

श्रुतिका हसत सुटली. "अहो, नुसता मुलामा असतो तो! सांगा ना त्यांना."

"सांगितलं. म्हणते, दुरुस्त करनारी जी कोन असंल, तिच्याच हातात देईन."

आणि गुरुवारी चंद्राबाई खरंच दुकानात हजर झाल्या. नऊवारी लुगडं, हातात पानांच्या द्रोणात करवंदं, आणि मागे खाली मान घातलेला सुनील. त्यांनी आधी दुकान बघितलं, मग श्रुतिकाला पायापासून डोक्यापर्यंत.

"तूच काय गो ती?"

"कोण ती?"

"ज्येवताना रोज जिचं नाव निघतं ती."

"आई!" सुनील कळवळला.

चंद्राबाईंनी पिशवीतून डबी काढली. आत कापसाच्या गादीवर प्रोसेसर. एकही काटा वाकडा झालेला नव्हता. सुनील आईच्या पाठीमागून हातवारे करत होता – सोन्याचं काही बोलू नका म्हणून! पण श्रुतिकाला खोटं कधी जमलंच नव्हतं.

"मावशी, खरं सांगते. हे सोनं नाही हो. नुसता वरून मुलामा आहे. तुम्ही सुनेसाठी म्हणून जपलंत, पण..."

"अगो, माझ्या आजीची पुतळ्यांची माळ हाय माझ्याकडं. मला सोनं कळत नाय व्हय?" चंद्राबाई खुदकन हसल्या. "ह्यो सहा महिने तुझं नाव घेतोय, नि म्होरं काय बोलत नाय. तुला बघायला यायचं तर कायतरी निमित्त नको?"

सुनील छताकडे बघू लागला. श्रुतिकाचे कान गरम झाले. तिने पटकन मशीनमध्ये डोकं घातलं.

जुना प्रोसेसर बसला, मशीन सुरू झालं. तिने बायोसच्या अपडेटची फ्लॉपी सरकवली.

"आता पाच मिनिटं कुणी कशाला हात लावायचा नाही. हे मधेच बंद पडलं तर बोर्डच गेला."

भारनियमन बाराला होतं आणि आता सव्वाअकरा. भरपूर वेळ होता. पण आपल्याकडे वेळापत्रक कोण पाळतो! पडद्यावरची पट्टी निम्म्यावर आली आणि डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबला. यूपीएस केकाटायला लागला. त्याची बॅटरी जेमतेम तीन-चार मिनिटांची.

"ह्ये मेलं तर—"

"गप्प बस, सुनील. हलू नकोस."

सहा महिन्यांत पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे करत होती. दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. चंद्राबाईंच्या मात्र आलं, आणि त्यांनी शांतपणे एक करवंद तोंडात टाकलं.

पट्टी मुंगीच्या चालीने सरकत होती... आणखी थोडी... आणि पूर्ण झाली! श्रुतिकाने लगेच मशीन बंद केलं.

लाइट येताना झटका बसू नये म्हणून तिने दुकानाचा मेन स्विच पाडला. नवा प्रोसेसर बसवला, तो तापू नये म्हणून त्यावर बोटाने पांढरी पेस्ट लावली, पंखा आवळला. पण तो चालतो की नाही, हे लाइट आल्याशिवाय कसं कळणार?

"म्हशीला दावं घ्यायचं हाय," म्हणत चंद्राबाई उठल्या आणि बाजारात गेल्या.

दुकानात उकाडा दाटला होता. दोघं अंधुक उजेडात बसली.

"चालेल ना?" सुनीलने विचारलं.

"नाही चालला तर जाशील मुंबईला?"

"मॅडम..."

"मॅडम नाही. आणि लाइट यायच्या आत सांग. नंतर सांगितलंस तर मला कळणार कसं, की तू मशीन चालू झालं म्हणून थांबलास, की..."

"की काय?"

"की माझ्यासाठी."

सुनीलने स्टूल पुढे ओढलं. "बंद पडला तरी नाय जाणार. दुसऱ्याच्या मशीनवर काम करीन, अकरा घरांत जाऊन हातापाया पडेन... दोन वर्षं काढलीत मी मुंबईत. राहता येतं तिथं. पण तू तिथं नाहीस ना." आणि मग एका दमात – "आवडतेस तू मला, श्रुतिका. फार आवडतेस."

"एवढं बोलायला सहा महिने लागले?"

"तू नाय म्हणालीस तर परत दुकानात कुठल्या तोंडानं यायचं, ही भीती होती."

तिला भरून आलं. "मलाही तू आवडतोस. पण ऐक, हे दुकान मी सोडणार नाही."

"कोण सोड म्हणतंय? पोलादपूरला राहू. सकाळी तू महाडची गाडी धर, मी स्टुडिओ उघडतो. सणावाराला कुडपण."

"मला गुरांचं काही येत नाही हं."

"आईला तरी बायोसचं कुठं काय येतं?"

ती हसली. त्याने हळूच तिचा हात हातात घेतला. बोटाला पांढरी पेस्ट लागली होती, ती त्याच्याही बोटाला लागली. दोघांपैकी कुणीच ती पुसली नाही.

"अगो!" दारातून चंद्राबाईंचा आवाज आला. "लाइट येऊन अर्धा तास झाला. समोर रसवाल्याचा चरक फिरतोय. तुम्ही हितं घामात कशाला बसलाय?"

मेन स्विच! श्रुतिका ताडकन उठली आणि तिने तो चढवला. पंखा गरगरला. तिने मशीनचं बटण दाबलं... बीप! पडद्यावर नव्या प्रोसेसरचं नाव आणि त्याचा वेग झळकला. सुनीलने आनंदाने आरोळीच ठोकली.

चंद्राबाईंनी पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या दोघांच्या बोटांकडे बघत होत्या.

"चालला ना? मग आता तुझं घर दाव. तुझ्या आईबापाशी बोलायचं हाय."

"आत्ता?"

"नाय तर कवा? ह्याच्यावर सोडलं तर दिवाळी उजाडंल."

श्रुतिकाने मशीन तसंच चालू ठेवलं, किल्ली घेतली आणि भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं.